दुसरा भाग सोपा गेला

परदेशात शिकायला जायचं तर ही परीक्षा द्यावीच लागते. आत घड्याळ नेऊ देत नाहीत, म्हणून लेकाचं घड्याळ मुठीत धरून आई केंद्राबाहेरच्या बाकावर बसली होती. तेवढ्यात एक मुलगी बाहेर आली आणि शेजारच्या बाकावर भावाजवळ धपकन बसली.

"दादा, वाट लागली. गणिताचा पहिला भाग बरा गेला, पण दुसऱ्यानं घाम फोडला."

"अवघड होता?"

"डोकंच चालेना."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई? पहिला चांगला सोडवला, तरच कॉम्प्युटर दुसरा अवघड देतो. वरचे मार्क तिथेच असतात."

"उगाच समजूत काढू नकोस."

"अगं, मीही दिलीये ना ही परीक्षा. मला दुसरा भाग सोपा आला होता. शीळ घालत बाहेर आलो होतो."

"मग?"

"मग काय, इथेच आहे की तुझ्यासमोर."

मुलगी डोळे पुसता पुसता हसली. आईने घड्याळ या हातातून त्या हातात घेतलं.

दार पुन्हा उघडलं.

"आई, उगाच घाबरलो बघ मी. गणिताच्या पहिल्या भागात जरा गडबडलो, पण दुसरा? हातचा मळ. पटापट सुटला."

शेजारचा दादा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

"उद्याच साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवतो."

"राजीनाम्याचं नंतर बघू रे. हात पुढे कर, आधी घड्याळ घाल."