माझ्या पश्चातला आठवडा

जबाब देणार : मशीनवाले काका म्हणून ओळखला जाणारा. वय चौऱ्याहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार बाजारामागच्या गल्लीत, दुकानावरच्या दोन खोल्यांत.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझ्या मुलासह राहतो. मुलगा एकेचाळीस वर्षांचा आहे, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. आम्ही त्याला राजे म्हणतो, कारण घरात हुकूम त्याचाच चालतो. दुकानात तो बॉबिनवर दोरा भरतो आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवतो. त्याची आई हयात नाही. मोठी मुलगी शाळेत शिक्षिका आहे, ती वेगळी राहते.

डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगितल्यावर मी वकीलबाईंकडून कागद करून घेतले. दुकान आणि खोल्या मुलासाठी ट्रस्टमध्ये ठेवल्या. माझ्या पश्चात मुलगी त्याची पालक. सह्या झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "काका, कागद चोख आहेत. पण तो तिच्याजवळ राहील का, हे तुम्ही असतानाच एकदा बघून घ्या."

हे मी जरा जास्तच मनावर घेतलं.

त्याची आई वारली तेव्हा ती गावाला गेली आहे असं आम्ही त्याला सांगितलं होतं. तो दोन वर्षं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिला. जेवायचाही तिथेच. ते मला पुन्हा व्हायला नको होतं. म्हणून या वेळी मी त्याला रोज थोडं थोडं शिकवलं. बाबा मरणार. मेलेला माणूस परत येत नाही. पायरीवर बसायचं नाही. ताई सांगेल ते खरं. तो मला हा धडा घडाघडा म्हणून दाखवायचा.

मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय! जिवंत माणसाला मेला कसं म्हणू?" मी तिच्यावर ओरडलो. ऐकेना तेव्हा रडलो. मागच्या रविवारी मी पलीकडच्या गल्लीत, माझ्या चष्मेवाल्या मित्राकडे राहायला गेलो आणि तिने त्याला बाबा मेले असं सांगितलं.

ती त्याच्याजवळ राहून मला फोनवर कळवत होती. आधी तो फार रडला, माझा शर्ट उराशी धरून झोपला. मग जेवायला लागला. पायरीवर एकदाही बसला नाही. शुक्रवारी चहात साखर कमी म्हणून तिलाच बोलला. ऐकून मला आनंद झाला. पण मला विसरायला त्याने थोडा जास्त वेळ घ्यायला हवा होता.

आठवडा झाला, बघायचं ते बघून झालं, म्हणून आज सकाळी मी घरी गेलो. मुलगी औषधं आणायला गेली होती. त्याने दार उघडलं, मला पाहिलं आणि किंचाळला. बॉबिनचा डबा फेकून मारला, तो माझ्या कपाळाला लागला. शेजारी नव्याने आलेल्या बाई मला ओळखत नाहीत. कोणी म्हातारा घरात घुसतोय असं वाटून त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांची चूक नाही.

तेवढ्यात मुलगी धावत आली. "राजे, घाबरू नकोस रे, बाबाच आहेत," म्हणाली. तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे ताई, तू खोटं बोललीस?"

माझ्यामागे त्याला तिच्या शब्दाशिवाय दुसरा आधार नाही. ट्रस्टचे कागद त्याला वाचता येत नाहीत. तिच्यावरचा विश्वास उडाला तर तो तिच्या हातून औषधसुद्धा घेणार नाही. म्हणून मीच म्हणालो, "नाही हो. ताईंचं खरं आहे. मी दुसराच माणूस. चुकून तुमच्या दारात आलो."

त्याने ताईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. मग मला म्हणाला, "तुम्हाला लागलं का, काका?"

मी नाही म्हणालो.

माझी मुलाविरुद्ध किंवा कोणाविरुद्ध तक्रार नाही. हवालदारसाहेब घरी सोडतो म्हणाले, त्यांना मी चष्मेवाल्याचा पत्ता दिला आहे. मुलाचं माझ्यासाठी एकदा रडून झालं आहे, ते त्याला पुन्हा करायला लावणार नाही. डॉक्टरांचं ऐकलं तर मलाही फार दिवस ढकलायचे नाहीत.

मुलाशी नातं काय लिहू, असं विचारल्यावर 'वडील' असं सांगितलं आहे. हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे. मुलाला मात्र तो कोणी वाचून दाखवू नये.