फणसाला मुदत

अच्युतराव: ...आणि म्हणून, बंधुभगिनींनो, येत्या एक मे रोजी, ज्या क्षणी मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्माला येईल, त्याच क्षणी फणसवाडीतल्या या अंगणात नव्या युगाचा पाया खणला जाईल! ही केवळ तीन मजली इमारत नव्हे. हा मराठी माणसाच्या अस्मितेचा उत्तुंग—

सुमती: अहो, खाली उतरा. स्टूल हवंय मला.

अच्युतराव: सुमती, पायाभरणीच्या भाषणाचा सराव चाललाय.

सुमती: ऐकतेय ना मघापासून. मोहरीचा डबा वरच्या फळीवर आहे, आणि इकडे तेल तापत आलंय. शिवाय त्या स्टुलाचा एक पाय लटपटतो. नवं युग यायच्या आत आपटाल.

अच्युतराव: मग काय पायाभरणीचं भाषण मी जमिनीवर उभं राहून करू?

सुमती: पाया जमिनीतच असतो ना? आणि भाषण चाललंय तरी कुणापुढे? अंगणात चिटपाखरू नाही.

अच्युतराव: फणस आहे की.

सुमती: त्यालाच तोडायचं आणि त्यालाच बंधुभगिनींनो म्हणायचं. शाबास.

अच्युतराव: हे बघ, भावनेच्या भरात बोलू नकोस. वीरेंद्रनं रीतसर नकाशा काढलाय. माझा सख्खा पुतण्या, शिकलासवरलेला इंजिनिअर. जिना बरोब्बर इथून वर जातो, जिथं हा उभा आहे. आता जिना काही हलवता येत नाही.

सुमती: झाडही हलवता येत नाही. दोघांत आधी कोण आलं?

अच्युतराव: आधी कोण आलं हा प्रश्नच नाही.

सुमती: माझ्यापुढे आहे. लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात बाबांनी अलिबागेहून फणस पाठवला होता. त्यातली एक आठळी मी इथं पुरली. तुमच्या आई म्हणाल्या, नव्या सुनेनं अंगण उकरू नये.

अच्युतराव: आणि इतक्या वर्षांत त्यानं एक फणस दिलाय? एक? मी सचिवालयात हेडक्लार्क होतो, सुमती. काम न करता इतकी वर्षं टिकलेला माणूस मी तिथंसुद्धा एकच पाहिला. अख्ख्या फणसवाडीत उरलेला हा एकुलता एक फणस, आणि भाजीला कोवळा फणस आपण भायखळ्याच्या बाजारातून आणतो!

सुमती: पूर्वी म्हणे वाडीत फणसच फणस होते.

अच्युतराव: होते ना. माझ्या लहानपणी दुपारी ऊन जमिनीला लागत नसे. मग इमारती झाल्या.

सुमती: एवढे सगळे तोडले कुणी?

अच्युतराव: तसे कुणीच नाही. प्रत्येकानं आपापल्या दारातला एकेकच तोडला.

सुमती: हं.

अच्युतराव: हं काय? मी निर्दय आहे का? इमारतीचं नाव मी ‘पनस-छाया’ ठेवणार आहे. संगमरवरी पाटीवर, सोनेरी अक्षरांत.

सुमती: छाया मग पाटीची पडणार?

अच्युतराव: तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. अगं, जागा झाली म्हणजे वीरेंद्र येईल, सूनबाई येईल, त्यांचा छोटा येईल. या घरात एखाद्या पोराचा आवाज नको का आपल्याला? उद्या मी डोळे मिटले तर तू एकटी या भिंतींशी—

सुमती: हवा ना आवाज. मला नको होय? पण अंगणच गिळलंत तर पोर खेळणार कुठं? तुमच्या पाटीवर?

गणपत: भाऊसाहेब, येव काय?

अच्युतराव: ये, ये गणपत! बरा आलास. मागच्या खोलीत तू राहतोस हे आमचं भाग्यच म्हणायचं. रविवार, गिरणीला सुट्टी, आणि कोकणातला माणूस झाडाला हात घालतो तो असा... कुऱ्हाड आणलीस ना?

गणपत: आणलंय तर. ही काय, गोणपाटात गुंडाळलेली. पण त्याच्या आदी चाल करूची लागात.

अच्युतराव: कसली चाल?

गणपत: आमच्या गावाक न धरणाऱ्या झाडाक कोण तसाच तोडीत नाय. आदी त्येका भ्याव घालतत. एकान कुराड उगारून म्हणायचा, ‘तुका आज तोडतंय.’ दुसऱ्यान झाडाच्या वतीन म्हणायचा, ‘नको रे बाबा, पुढच्या साला धरतला.’ झाड आयकता.

अच्युतराव: गणपत, विसावं शतक चालू आहे. रशियानं चंद्रावर यान आपटलं.

गणपत: आपटांदे. तेंच्याकडे फणस नाय.

अच्युतराव: आणि विनवणी करून ठेवली, नि झाडानं ऐकलं नाही तर?

गणपत: तर पुढच्या साला बघू. पण चाल केल्याबिगर मी कुराड लावचंय नाय. आमच्या घराण्याक दोष लागात.

अच्युतराव: किती वेळ लागतो या प्रकाराला?

गणपत: दोन वाक्यां. एक माझा, एक झाडाच्या बाजून.

अच्युतराव: दोन वाक्यांत माझा नुसता घसा साफ होतो. बरं, उरका.

गणपत: झाडाच्या बाजून घरचा माणूस होया. वयनी, तुमी बोलशात?

सुमती: मी नाही.

गणपत: कित्याक? झाड तुमचाच मां?

सुमती: म्हणूनच. मला खोटं खोटं म्हणता यायचं नाही.

अच्युतराव: हिला नाही जमणार. ही कला आहे, गणपत. छप्पन साली याच झाडाखाली मी जे भाषण केलं—

सुमती: पोलीस वाडीत शिरले तेव्हा याच झाडामागे बसला होतात, तेही सांगा.

अच्युतराव: तो डावपेच होता. मी बोलतो झाडाच्या बाजूनं. म्हण तू तुझं वाक्य.

गणपत: पयले स्टुलावरसून उतरा. इनवणी जमिनीवरसून करतत.

अच्युतराव: उतरलो.

सुमती: नेऊ का स्टूल?

अच्युतराव: आत्ता नाही, सुमती! कार्यक्रम सुरू झालाय.

सुमती: होऊ दे. तेल मी मघाच खाली उतरवून ठेवलंय.

गणपत: रे फणसा! खाऊन-पिऊन उभो रवलस. एक फळ दिलंस नाय. आज तुका सोडूचंय नाय!

अच्युतराव: थांब, हे कुठारधारी पुरुषा, थांब! ज्या भूमीत सह्याद्रीच्या कड्याकपारींतून स्वातंत्र्याचे वारे घोंघावले, ज्या भूमीच्या कणाकणातून—

गणपत: भाऊसाहेब, सह्याद्री रवांदे. ह्या फणसाचा बोला.

अच्युतराव: प्रस्तावना आहे ती.

गणपत: झाडाक प्रस्तावना कळणा नाय. परत म्हणतंय. रे फणसा! इतकी वर्सां ह्या घरचा पाणी पिलस, माती खाल्लस, आणि वांझोटो तो वांझोटोच—

अच्युतराव: गणपत! तो शब्द नाही.

गणपत: चालीतलोच शब्द तो, भाऊसाहेब. झाडाक म्हणतत.

अच्युतराव: झाडालासुद्धा नाही. या अंगणात तो शब्द माझ्या आईनं एकदा काढला होता, फार वर्षांपूर्वी. त्या दिवशी मी ताटावरून उठलो आणि आईला सांगितलं, पुन्हा हा शब्द आला तर मी या घरात जेवणार नाही. तेव्हापासून या घरात तो कुणी काढलेला नाही. तूही काढायचा नाहीस.

(शेजारच्या चाळीत नळाखाली कुणाची तरी कळशी भरत असते.)

गणपत: चुकलंय, वयनी.

सुमती: तुम्ही झाडाला म्हणालात, गणपतभाऊ.

गणपत: मगे... बोला, भाऊसाहेब. तुमचा वाक्य रवला.

अच्युतराव: नको तोडू.

गणपत: आनी?

अच्युतराव: पुढच्या वर्षी धरेल, असं म्हणायचं ना? ते मी म्हणणार नाही. धरेल, न धरेल. त्याला ती अट नको. फळ देईल म्हणून काही कुणी त्याला या घरात ठेवून घेतलं नव्हतं. ते आलं, रुजलं, राहिलं. आल्यागेल्याला सावली दिली. घरातल्यांची बोलणी खाल्ली आणि उलट काही बोललं नाही. माझी भाषणं ऐकली. सगळी. मधून एकदाही उठून गेलं नाही.

सुमती: जाणार कुठं?

अच्युतराव: तेच म्हणतोय मी. जायचं कशाला? घर त्याचंच आहे. जिन्याला जायचं असेल तर जिन्यानं वळसा घालावा.

गणपत: झाला. वाक्य जरा लांबला, पण झाला.

सुमती: अंगणातल्या विहिरीच्या बाजूनं जातो जिना.

अच्युतराव: काय?

सुमती: विहिरीच्या अंगानं वर चढतो. मजल्यामागं एक खोली कमी होते, आणि फणसाची रस्त्याकडची फांदी छाटावी लागते. झाडालाही थोडं सोसावंच लागतं. मी विचारलं होतं वीरेंद्रला.

अच्युतराव: तो मला काही बोलला नाही!

सुमती: म्हणाला, काकू, काका ऐकतील का? म्हटलं, ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. पण स्वतःचं फार मन लावून ऐकतात. तेव्हा त्यांनाच बोलायला लावू.

अच्युतराव: गणपत, इकडे आण ती कुऱ्हाड. सोड ते गोणपाट. ...अरे, हिला धार कुठं आहे? हिनं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही!

गणपत: भ्याव घालूक धार कित्याक होई?

अच्युतराव: म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून, माझ्याच अंगणात, माझ्याच विरुद्ध कट—

गणपत: चाल खरीच आसा हां, भाऊसाहेब. खोटा सांगत नाय. फक्त तो एक शब्द माझ्या तोंडातसून भायर पडूक नको होतो.

सुमती: आणि पुढं तुम्ही जे बोललात, तेही ठरलेलं नव्हतं.

अच्युतराव: कुठलं? सह्याद्रीचं?

सुमती: त्याच्यानंतरचं.

अच्युतराव: ते होय. ते काही भाषणात बसायचं नाही.

सुमती: नकाच बसवू. मी ऐकलंय ते.

अच्युतराव: झाडाला म्हणालो मी.

सुमती: माहीत आहे हो. झाडानंही ऐकलं.

गणपत: मगे फणसाक एक वर्साची मुदत झाली. पुढच्या साला परत येवचा लागात माका, भ्याव घालूक.

अच्युतराव: आणि पुढच्या वर्षी नाही धरला तर?

गणपत: परत एक वर्साची मुदत. चालच तशी आसा. आमच्या आज्यान एका आंब्याक जल्मभर भ्याव घातल्यान. आजो गेलो. आंबो आसा.

अच्युतराव: धरतो का तो आंबा?

गणपत: नाय. पण खालती सगळा गाव बसता.

सुमती: वीरेंद्रच्या छोट्याला या फांदीवर झोका बांधू. खालची बरी, बाकदार आहे.

अच्युतराव: बांधू! आणि ऐका, सुचलं मला! ही चाल आपण दर एक मेला करू. आधी झेंडा, मग माझं भाषण, मग फणसाला धमकी! सगळी वाडी बोलवायची. ज्याच्या ज्याच्या दारात म्हणून झाड उरलंय, त्यानं कुऱ्हाडीआधी त्याला एक वर्ष द्यावं, आणि त्या वर्षात नकाशा वाकतो का ते पाहावं. गणपत, धर जरा स्टुलाचा तो पाय, लटपटतोय. हं. बंधुभगिनींनो! ज्या राज्यासाठी आपण लाठ्या खाल्ल्या—

गणपत: वयनी, परत चडले ते.

अच्युतराव: —त्या राज्यात यापुढे जिना वळेल, भिंत सरकेल, वेळ पडली तर एखादी खोलीसुद्धा कमी होईल, परंतु ज्यानं आपल्या दारात उभं राहून आपल्याला—

सुमती: अहो.

अच्युतराव: काय गं?

सुमती: मोहरी अजून वरच आहे. स्टूल देता?