माणूस विश्वासाचा आहे

पाच वर्षं झाली की सहा, मला नक्की सांगता यायचं नाही. पण हिच्या हृदयाच्या गोळ्या त्या सकाळी संपल्या, एवढं पक्कं आठवतं. स्वस्त पडतात म्हणून मी त्या ऑनलाइन मागवू लागलो होतो. पार्सल पोचल्याचं फोन दाखवत होता, घरी मात्र काहीच आलं नव्हतं.

शेवटी सप्तापुरातल्या बसण्णांच्या मेडिकलमध्ये जाणं भाग पडलं. वीस वर्षं औषधं त्यांच्याकडचीच. ऑनलाइन सुरू केल्यापासून मी तोंड चुकवून मागच्या गल्लीने जात होतो.

"बर्री सर," बसण्णांनी कानडीत 'या' म्हटलं, "बसा. अक्का बऱ्या आहेत ना?"

मी चाचरत गोळ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी काउंटरखालून माझंच पार्सल काढलं.

"कालच कुरियरवाला ठेवून गेला. आज घरी आणून देणारच होतो, पण म्हटलं, सर लाजतील."

लाजलो खरा, पण जीव भांड्यात पडला.

कुरियरवाल्याला हे दुकान सुचवलं कुणी, हे कोडं मात्र उरलं होतं. परवा ती जुनी ऑर्डर उघडून पाहिली. पत्त्याखाली मीच लिहिलं होतं: 'दार न उघडल्यास बसण्णांच्या मेडिकलमध्ये द्यावे. माणूस विश्वासाचा आहे.'