शाई लागलेलं बाळ

'तुमचं घर जळत असताना मी दार लावून बसलो. क्षमा करा.' मागच्या निवडणुकीनंतर किकुयू आणि कालेंजिन जमातींत दंगल झाली, त्यानंतर आलेल्या कालेंजिन शेजाऱ्याच्या, चेरुयोतच्या, या पत्राला किकुयू गाथोगो मास्तरांनी उत्तरच दिलं नव्हतं.

आज केनियातल्या नाकुरूत मतदानाच्या रांगेत त्यांच्यापुढे दोघी उभ्या होत्या: किकुयू विधवा न्याम्बुरा आणि तान्हं बाळ घेतलेली कालेंजिन जेप्कोस्गेई.

"हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला आहे, त्या तुमच्या किकुयू उमेदवारालाच मत देणार, मावशी?" जेप्कोस्गेईनं विचारलं.

"त्यालाच. जोडीला उपाध्यक्षपदासाठी तुमचा कालेंजिन माणूस आहे, त्याच्यावरही खटलाच."

"एकमेकांवर माणसं सोडल्याचा आरोप आहे दोघांवर."

"आता एकत्र उभे आहेत ना? म्हणजे घरं तरी पेटायची नाहीत."

"आणि काकांना मारलं, त्याचा न्याय?"

"तुमच्या शेजारी निर्धास्त झोप लागली, तर तेवढा पुरे."

"पाय सुजलाय तुमचा. बाळ घ्या कडेवर, लेकुरवाळीला पुढे सोडतात."

न्याम्बुरा मत देऊन परतली, तेव्हा बाळाच्याही करंगळीला शाई होती.

"कारकून वस्ताद निघाला गं. म्हणाला, हे बाळ दाखवून आता दुसऱ्यांदा रांग ओलांडता येणार नाही. तू अडकलीस उन्हात."

"राहीन उभी. मागच्या वेळी तुमच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं."

घरी येऊन मास्तरांनी मतदानाची शाई लागलेल्या हातानं लिहिलं, 'चेरुयोत, दार उघडं ठेव. मी येतोय.' आणि पुन्हा न वाचता पत्र टपालपेटीत टाकलं.