भादरणाऱ्याचं काय मेलं?

...आणि मला विचारतात, "तुझं काय मेलं?" अहो, असं विचारतात का कुणाला? सकाळपासून रांगेत उभा मी, पुढचे सगळे सांगतायत, माझी गाय गेली, माझा बैल गेला, साहेब मान हलवतायत, लिहून घेतायत, भरपाई मिळेल म्हणतायत, आणि माझी पाळी आली तर खिडकीतून, चष्म्यावरून बघून, "जनावरं किती?" म्हटलं, एकही नाही. "मग तुझं काय मेलं?"

मी म्हटलं, "साहेब, माझं... गिऱ्हाईक मेलं."

सगळी रांग हसली! ज्यांच्या गाई मेल्या तेसुद्धा हसले, आता बोला!

तुम्हाला सांगतो, मी एरवी बोलत नाही. शाळा सोडली तीसुद्धा गुरुजी उभं करून प्रश्न विचारायचे म्हणून. आणि म्हणूनच तर हा धंदा धरला. मी गाई भादरतो. हसा, हसा, सगळेच हसतात! गाय बाजारात न्यायची म्हटलं की आदल्या दिवशी मला बोलावणं, मग मी पाठीवरून मशीन फिरवणार, पोटाखालचे केस काढणार, शेपटीचा गोंडा कातरणार, आणि कातडी अशी चमकणार की चार वेतं झालेली गाय पहिलटकरीण वाटावी! आणि गाय कशी, कधी विचारत नाही, "काय रे, लग्नाचं काय झालं?" रवंथ करत उभी राहते बिचारी. शहरात मामाचं सलून आहे, तो कधीचा म्हणतोय, ये, खुर्ची रिकामी आहे. पण माणसाची दाढी करायची म्हणजे त्याच्याशी बोलावं लागतं हो! हवापाणी, राजकारण, त्याच्या सुनेचा स्वभाव... नको रे बाबा.

तर आला हा गाठींचा रोग. गाईंच्या अंगभर गाठी, ताप, दूध आटलं, काही गेल्या, आणि जनावरांचा बाजार बंद! आता बाजार बंद म्हणजे कुणी विकत नाही, विकत नाही म्हणजे कुणी नटवत नाही, नटवत नाही म्हणजे मी घरी. आई म्हणाली, "बाजार उघडेपर्यंत थांबते. तेव्हाही काम नाही मिळालं तर मुकाट्यानं मामाकडे जायचं."

मी म्हटलं, थांबायचं कशाला? गेलो दूधवाल्या काकूंकडे. म्हटलं, उकाडा आहे, गारवा म्हणून तरी भादरून घ्या. काकू फाटकाआडूनच ओरडल्या, "तिथंच थांब! दहा गोठे हिंडतोस, रोग आणलास तर?"

"काकू, तो माश्या-डासांनी पसरतो."

"मग तू काय वेगळं करतोस? माशीसारखाच हिंडतोस की!"

म्हणून मग भरपाईच्या रांगेत उभा राहिलो, तर तिथं हे, तुझं काय मेलं! आणि वर, "चल, बाजूला हो."

आणि तुम्हाला सांगतो, कुणास ठाऊक काय झालं, मी झालोच नाही. उलट तोंड आपलं चालूच! म्हटलं, "नाही होणार. साहेब, हे आबा पुढं उभे आहेत ना, त्यांची गाय गेली ती मी भादरलेली होती. तिच्या खांद्यावर केसांचा भोवरा होता, तिथं मशीन नेली की अंग चोरायची. मलाही वाईट वाटतं. पण गाय गेली ती आबांच्या घरातली. बाजार गेला तो आमच्या सगळ्यांच्या घरातला! हा दोरवाला, यानं दावी वळून ठेवलीत, ती काय स्वतःच्या गळ्यात बांधायची?"

साहेब म्हणाले, "नियमात फक्त जनावरं आहेत."

"मग नियम कुणी केला, जनावरांनी?"

हे मी बोललो! मी! साहेब लालबुंद. "पुढचा कोण?" म्हणून ओरडले, तर मागून टेंपोवाला म्हणतो, "मीच आहे साहेब, माझंही जनावर नाही." त्याच्यामागून बाजारातली चहावाली मावशी, "माझंही नाही. नवरा आहे, तो लिहून घेता का?"

साहेबांनी खिडकी लावून घेतली. जेवायची वेळ झाली म्हणे. सकाळचा चहा अजून तिथंच होता हो, वाफेसकट!

मिळालं काय? काही नाही. पण आम्ही हललो नाही. रोज जायचो, रोज उभे राहायचो, साहेब रोज बंद खिडकीआडून विचारायचे, काय मेलं, आणि आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, बाजार! शेवटी लसी टोचून झाल्या, रोग ओसरला, आणि बाजार उघडला. खिडकी नाही उघडली, बाजार उघडला!

आदल्या दिवशी कुणाचंच बोलावणं आलं नाही, म्हणून मशीनला तेल घालून पहाटे बाजारातच हजर. पहिलेच आबा भेटले, उरलेली गाय विकायला आणलेली. मी मशीन लावणार, तोच मनगट धरलं, "हात लावू नकोस! गाठींचे वण आहेत, केसांखाली झाकलेत तेवढेच बरे."

मागून गाय घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, "भादर रे! आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी घेत नाही."

"मशीन लावलीस तर बघ!"

"लाव, मी सांगतो ना!"

"गाय कुणाची?"

"घेणार कोण?"

आणि सगळ्या बाजारात हेच चाललेलं! घेणारा म्हणतो भादर, विकणारा म्हणतो खबरदार, आणि मी मध्ये, मशीन घर्रर्र चालू. शेवटी दोघांची तडजोड झाली. अर्धी भादरायची! डावी बाजू गिऱ्हाइकाला बघायला, उजवी आबांच्या अब्रूला. भादरली. काय दिसत होती म्हणून सांगू... एका बाजूनं नवरी, दुसऱ्या बाजूनं सासू!

मग मजुरी मागितली. आबा म्हणाले, "मी तर नकोच म्हणत होतो." गिऱ्हाईक म्हणालं, "गाय अजून माझी कुठं झालीय?" मी म्हटलं, देणार नसाल तर दोघांच्या मधून हलणार नाही. तेव्हा कुठं दोघांनी निम्मी निम्मी दिली.

निम्मी म्हणजे, अर्ध्या गाईच्या मजुरीची!

घरी आलो. आई म्हणाली, "मिळालं का काम?" म्हटलं, "मिळालं. मी कुठं जात नाही." तिनं हातावरचे पैसे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. मग आज भात अर्धाच टाकते."