रुमालाखालचा भाव

हसू नका, पण अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव उघड बोलायला लागले ते माझ्या आत्यामुळे, असं मला अजून वाटतं. तिकडे अमेरिकेत लढाई चालू होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून मुंबईचे शेट कापसासाठी वऱ्हाडात फिरत होते. आत्याने गाडीभर कापूस आणला होता. त्यातून तिला एक बैल घ्यायचा होता. गाडी मी हाकली. बोलायचं काम तिचं.

तेव्हा सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि शेट रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि दलाल सांगेल तो भाव कास्तकाराने मानायचा. आमच्या दलालानेही एका शेटच्या हातावर रुमाल टाकला आणि आम्हाला एक भाव सांगितला. त्यात बैल येत नव्हता.

आत्या म्हणाली, "कापूस माहा, अन् मलेच काहून लपवून राहिले?"

"रीतच हाये बाई," दलाल म्हणाला.

"मंग मलेबी रीतीनंच सांगा." तिने सरळ रुमालाखाली हात घातला आणि शेटला म्हणाली, "याची जितकी बोटं दाबली, तितकी माही दाबा."

शेट चटका बसल्यासारखा मागे सरकला. "अहो, परक्या बाईचा हात मी कसा धरू? तोंडानेच सांगतो!"

त्याने मोठ्याने सांगितलेला भाव दलालाच्या भावाहून चांगलाच चढा निघाला. दलालाने रुमाल गुंडाळून खांद्यावर टाकला.

बैल आला. पुढच्या बाजाराला गेलो, तर निम्म्या गाड्यांवर कास्तकारांच्या शेजारी त्यांच्या बायका बसलेल्या.