इलारियोनच्या हाताखाली

...आणि वर मलाच विचारते, "बासिलियाबाई, तुमचं काम नक्की काय?" आता तुम्हीच सांगा, हातात ओलं फडकं, पायाशी बादली, चारी बाजूंना छपरापर्यंत पार्सलं, चीज वास मारतंय, सुक्या बटाट्यांची पोती ढासळतायत, बाहेर ओरुरोची गाडी भोंगा वाजवून वाजवून मरतेय, आणि ही बाई खुर्चीत बसून विचारते काम काय. नाचायला येते म्हणून सांगणार होते. पण नोकरीचा प्रश्न होता, म्हणून जीभ दातांखाली धरली. आणि माझी जीभ दातांखाली मावत नाही, हे आमच्या एल आल्तो शहरात कुणालाही विचारा.

तुम्हाला सांगते, ही सगळी आमच्या बसवाल्यांच्या सोसायटीची हौस. खाली ला पाझमधून शिकलेली बाई आणली, उरिओस्ते मॅडम. अंगात पातळ कोट, पायात टाचांचे बूट, आल्या आल्या आमच्या वाऱ्यानं नाक लाल. तिनं म्हणे प्रत्येकाचं काम तपासायचं. कोण काय करतं, कसं करतं, त्याला कुठली अक्कल लागते, आणि ती अक्कल त्या माणसाकडं आहे का. मग ठरवायचं कुठली जागा ठेवायची आणि कुठली काढायची. आमचे मॅनेजर पोमा साहेब म्हणाले, "घाबरू नका रे, नुसती तपासणी आहे." साहेब घाबरू नका म्हणाले की मला आधी मुलीची फी दिसते. नर्सिंगला आहे ती, अजून अर्धं शिक्षण बाकी, आणि तिचा बाप गेला तो गेलाच, कुठं गेला ते विचारू नका, मेला नाही एवढं नक्की. म्हणजे ही नोकरी गेली तर पोरगी इंजेक्शनच्या ऐवजी माझ्याबरोबर लोकांची फरशी पुसणार. एवढं साधं.

बरं, मुलाखती कुठं घ्यायच्या? ऑफिसात शेगडी बंद पडलेली, म्हणून बाई आली पार्सलच्या गोदामात. आणि बसली कुठं? बरोब्बर इलारियोनच्या फळीखाली.

इलारियोन म्हणजे आमची नकटी. कवटी हो. नाक नसतं म्हणून लाडानं नकटी म्हणायचं, मग बाप्या असो की बाई. काचेच्या पेटीत बसलेला असतो, डोक्यावर विणलेली टोपी, डोळ्यांत कापूस, पुढ्यात चघळायची कोकाची पानं, सोमवारी मेणबत्ती आणि दातांत एक सिगारेट. कुणाचा कोण, ठाऊक नाही. आम्ही सगळे लागलो त्याच्या आधीपासून तो आहे. आणि त्याच्यासमोर एक गोष्ट कुणी करत नाही. "मी केलं" असं म्हणत नाही. केलं ते इलारियोननं केलं. आमच्या हमालानं, रेमिखिओनं, एकदा फुशारकी मारली, "हरवलेलं खोकं मी शोधलं." त्याच दुपारी पडला. शिडीवरून नाही. शिडी भिंतीला टेकलेली, हा जमिनीवर उभा. जमिनीवरून पडला आणि पाय मोडून घेतला. आता बोला.

तर मॅडमनं आधी धरलं आमच्या राखणदाराला, सेनोबियो काकांना. "काका, गोदामाची राखण कोण करतं?"

काकांनी हॅट काढली. "इलारियोन."

"आणि तुम्ही?"

"मी झोपतो, मॅडम."

काय बोलणार? खोटं बोलायचं? वर तो ऐकतोय ना. मग रेमिखिओ. "कुठलं पोतं कुठल्या गाडीत, हे कोण ठरवतं?" "इलारियोन." "तुम्हाला काय कौशल्य लागतं?" "मला पाठ लागते, मॅडम." मग मी. गिऱ्हाईक बोंबलत येतं, माझं खोकं गेलं, माझा रेडिओ गेला, ते कोण हुडकतं? आणि माझ्या तोंडून, माझ्या ह्याच तोंडून निघालं, "इलारियोन. मी नुसती त्याला सिगारेट पेटवून देते."

हे काम कुणाचं? इलारियोनचं. ते काम कुणाचं? इलारियोनचं. बाई लिहितेय आणि खूष होतेय. शेवटी म्हणाली, "कमाल आहे, सगळा डेपो एकटा माणूस चालवतो. हे इलारियोन साहेब मला भेटले कसे नाहीत?"

आम्ही तिघांनी मान वर केली. तिनंही केली.

हसली हो. खूप हसली. डोळे पुसले. आणि मग तिचं तोंड कामाला लागलं. "हे बघा, काम म्हणजे काय? जे केलं नाही तर अडतं, ते काम. उद्यापासून ह्यांना कपाटात ठेवा. बघू या काय अडतं ते." पोमा साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला, पण शिकलेल्या बाईपुढं नाही कसं म्हणणार? त्यांनीच पेटी कपाटात ठेवली, किल्ली फिरवली, आणि मग हात पँटला पुसले. बराच वेळ पुसत होते.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी सगळा घोळ झाला असेल, सामान हरवलं असेल. छे हो. काहीच हरवलं नाही. उलट जास्त आलं.

सकाळच्या पोतोसीच्या गाडीतून पार्सलं उतरली, आणि उतरतच राहिली. ड्रायव्हर म्हणतो, मी एवढी भरलीच नव्हती. साधीच पार्सलं, सुतळीनं बांधलेली. नावं नीट लिहिलेली. रेमिखिओनं पहिलं नाव वाचलं आणि खाली ठेवलं. सेनोबियो काकांच्या आईचं. ती बाई जाऊन काकांचे केस पांढरे झाले. दुसरं पोमा साहेबांच्या वडिलांचं. तिसरं माझ्या भावाचं, जो खाणीत राहिला. मी हात लावला त्याला... गरम होतं. एल आल्तोत, सकाळचं, दवाच्या बर्फात, आणि पार्सल गरम, कुणी नुकतं मांडीवरून उतरवावं तसं.

मॅडम आली, म्हणाली, "ही काय चेष्टा आहे? कुणी केलंय हे?" आता आली का पंचाईत. हे काम कुणाचं, ते पहिल्यांदा तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि पहिल्यांदा आम्हाला कुणाला सांगता येईना. ती एकेक नाव बघत गेली, बघत गेली, आणि एका लहान खोक्यापाशी थांबली. नाव तिच्या आजीचं होतं. आजी वारली लांब सुक्रे गावी, हिच्या लहानपणी. आमच्यातल्या कुणाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. मॅडम कपाटाकडं गेली, स्वतः किल्ली फिरवली, स्वतः पेटी उचलून फळीवर ठेवली, आणि टोपी सरळ केली त्याची. हळूच, पोराची करतात तशी.

पार्सलं दुपारपर्यंत नव्हती. कुणी नेली नाहीत. फक्त, नव्हती.

पण माझी धास्ती वेगळी. म्हटलं भूत राहू दे भुताच्या जागी, कागदावर आम्ही तिघं बिनकामाचे ठरलोय त्याचं काय? म्हणून मी बाईला आवारात गाठली, गाड्यांच्या मागं, इलारियोनच्या नजरेबाहेर. म्हटलं, "मॅडम, खरं सांगते. खोकी मी हुडकते. इतकी वर्षं. कुठलं पोतं कुठं सरकतं, कुठली गिऱ्हाईक बाई खोटं बोलते, मला वासावरून कळतं. लिहून घ्या तुम्ही."

तर ही काय म्हणते? "मला नियमानं चालावं लागतं, बासिलियाबाई. ज्या जागी काम होतं, त्या जागी म्हणा. आत चला, त्यांच्यासमोर म्हणा."

गेले. मी काय भिते काय कुणाला? नवऱ्याला भ्यायले नाही, ट्रॅफिक पोलिसाला भ्यायले नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिले, त्याच्या कापसाकडं सरळ बघितलं आणि म्हटलं, "हरवलेली खोकी शोधते..." आणि पुढचा शब्दच येईना. जीभ टाळूला चिकटली, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडातून, गोड, गरीब सुनेसारखं निघालं, "शोधतो तो इलारियोन." मी आयुष्यात कधी गरीब सुनेसारखी बोलले नाही. सासू साक्ष देईल.

मॅडमनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. म्हणाली, "मग राहिलं काय? ज्याचं काम त्याचीच मुलाखत घ्यायला हवी. तुम्ही बाहेर थांबा."

दार तिनं ओढून घेतलं, पण ते दार नीट लागत नाही, फट राहते. मी बाहेर फरशी पुसत होते, म्हणजे एकच जागा पुसत होते. धुकं उतरलं होतं आवारात, समोरची बस दिसेना, आणि आमची कुत्री, जी स्वतःच्या सावलीवर भुंकतात, ती चिडीचूप. आतून बाईचा आवाज. "आपण इथं किती काळ आहात?" मग शांतता. मला वाटलं, विचारलं की लगेच पुढचा प्रश्न विचारेल, नाटकच तर करतेय. नाही हो. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबली. मधेच "हं" म्हणाली. मग "अच्छा, म्हणजे झोप अजिबात नाही?" पुन्हा शांतता. एकदा हसली सुद्धा, कुणीतरी विनोद सांगितल्यावर हसतो तसं, अर्धं हसून झाल्यावर पुन्हा हसली. म्हणजे विनोदाला शेपूट होतं.

मग खुर्ची करकरली. तिच्या आवाजात काळजी आली. "फार दमलात का?... खरंच, एकट्याला जड जात असेल... मातीत? कायमचं?... मग तुमच्या जागी कोण?"

आणि मग लांब शांतता. फडक्यातून पाणी माझ्या बुटात गळतंय, मला कळतंय, पण हात हलत नाही.

"बासिलिया?" ती म्हणाली. "तिची तयारी आहे?"

मी बादली उचलून पळणारच होते. पाय उचलले नाहीत. आणि तुम्हाला सांगते, पळून जाणार कुठं? पगार अजून झाला नव्हता.

बाई बाहेर आली ती अगदी निवांत. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. म्हणाली, "चांगले आहेत. बोलके आहेत." आणि मी बघितलं, ही चघळतेय. ओठाच्या कडेला हिरवं. ह्याच बाईनं, आल्या दिवशी मी कोकाची पानं पुढं केली तर नाक मुरडलं होतं. म्हटलं, "मॅडम, पानं कुणी दिली?" तर माझ्याकडं असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला. समोरच्यानं दिली, तिनं घेतली. रीत असते.

मग पोमा साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं निकाल ऐकायला. सेनोबियो काकांची जागा रद्द, काम नाही म्हणून. पण काकांना पेन्शन देऊन, तेव्हा काका खूष, झोपायला आता घरी जातील. रेमिखिओ हमाल होता तो हमालच. आणि मग मॅडम उभी राहिली आणि वाचलं, "राखणदार आणि शोधक, कायम पद, इलारियोन. लागणारी कौशल्यं, झोप नसणं, भूक नसणं, कुणाची बाजू न घेणं, एकदा पाहिलेलं न विसरणं." मी म्हटलं, ही कौशल्यं माझ्या सासूकडं पण आहेत. कुणी हसलं नाही.

"आणि त्यांच्या हाताखाली मदतनीस," मॅडम म्हणाली, "बासिलिया तार्की."

मी विचारलं, "कायम?"

"कायम."

तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मी धुकं विसरले, पानं विसरले. मला पोरगी दिसली पांढऱ्या कपड्यांत. म्हटलं, बासिलिया, जिंकलीस. आणि मग माझ्याच तोंडाला खाज. नसतं विचारलं तर काय बिघडत होतं? पण विचारलं, "मॅडम, निवृत्ती कधी?"

तिनं कागद उलटा केला, सुलटा केला. "ह्या पदाला निवृत्ती नाही. बढती आहे. वरची जागा रिकामी झाली की मदतनीस वर जाते. त्यांनी तशी शिफारस केलीय. ते थकलेत, त्यांना आता मातीत जायचंय."

खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं, जिच्यापलीकडं ती फळी आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, डोक्याकडं.

सही केली मी. करणार नाही तर काय? दर महिन्याला पगार येतो, वेळेवर. पोरगी शिकतेय. काम तेच, फरशी, खोकी, सिगारेट. फक्त आता मी खोकं हुडकून आणलं की गिऱ्हाईक आभार मानताना माझ्याकडं बघत नाही, माझ्या थोडं वर बघतं. रेमिखिओ मला "अहो बाई" म्हणायला लागलाय, आधी "ए म्हातारे" म्हणायचा. आणि परवा सिगारेट पेटवून त्याच्या दातांत ठेवायला गेले, तर धूर माझ्या तोंडातून निघाला. मी ओढली नव्हती.

हे काम कुणाचं, मी आता विचारत नाही. बायका म्हणतात, नशीब काढलंस बासिलिया, आजकाल मरेपर्यंतची नोकरी मिळत नाही आणि तुला त्याच्याही पुढची मिळाली. बरोबर आहे. माझी तक्रार नाही. मी पोमा साहेबांकडं फक्त एकच गोष्ट मागायला गेले होते, ते सुद्धा माझा हक्क म्हणून. म्हटलं, "साहेब, मी मरेन त्या दिवशी तरी सुट्टी द्याल ना?"

साहेबांनी विचार केला, मनापासून केला, खोटं का बोलू. म्हणाले, "अर्धा दिवस घे, बासिलिया. संध्याकाळी पोतोसीची गाडी असते."